कंट्री संगीताला नाचायला कोणी लावलं?

सप्टेंबर १९३५ मध्ये बॉब विल्स नावाचा एक फिडलवाला आपला बँड घेऊन डॅलसला पहिल्या रेकॉर्डिंगसाठी आला. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, फक्त लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेलं. रेकॉर्ड कंपनीच्या वतीने बसले होते आर्ट सॅथर्ली. गृहस्थ मूळचे इंग्रज, पण अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्याबजावण्याची त्यांना चांगली पारख होती. त्यांची अपेक्षा साधी होती: दोन-तीन फिडल, गिटार, फार तर एखादा बँजो. समोर बघतात तर पियानो, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन आणि चक्क ड्रम. त्यात बँडचा म्होरक्या गाणं ऐन रंगात असताना मध्येच ‘आऽऽहा’ करून ओरडतोय, वादकांची नावं घेऊन त्यांना चेव आणतोय. सॅथर्लींनी फुंकवाद्यांवर नाक मुरडलं आणि ओरडणं बंद करायला सांगितलं. विल्सने आपल्या माणसांना गाशा गुंडाळायला सांगितला. बॉब विल्स हवा असेल तर तो ओरडणारच, नको असेल तर आम्ही निघालो, असा एकंदर पवित्रा. शेवटी सॅथर्लींनीच पडतं घेतलं.

पुढे कंट्री संगीतात जे जे घडलं, त्यातलं बरंचसं त्या खोलीत तेव्हाच हजर होतं. ड्रम होते, विजेवर वाजणारी, मांडीवर आडवी ठेवलेली स्टील गिटार होती, जॅझवाल्यांसारखं जागच्या जागी सुचेल तसं वाजवणं होतं आणि ऐकणाऱ्याला खुर्चीत बसू न देणारा ठेका होता. या संगीताला आज आपण वेस्टर्न स्विंग म्हणतो. त्या वेळी त्याला धड नावही नव्हतं. नाव रुळलं ते १९४० च्या दशकात, कॅलिफोर्नियात.

कंट्री म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रुंद काठाची टोपी घातलेला, गिटार घेतलेला एकटा माणूस येतो. त्याची बायको घर सोडून गेलेली असते आणि तो दारूच्या ग्लासात बघत गात असतो. हे चित्र खोटं नाही, पण अर्धंच आहे. त्या माणसाच्या मागे जो बँड वाजतो तो कुठून आला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माझं मत असं की कंट्रीचे शब्द देवळातून, डोंगरातून, शेतातून आले असतील, पण त्याची चाल आणि त्याचा ठेका बऱ्याच अंशी टेक्सास-ओक्लाहोमातल्या नाचाच्या हॉलमध्ये घडला. आजही तिथलीच शिदोरी चालू आहे.

आधी स्विंग म्हणजे काय ते बघू. आपल्याला ते अगदीच परकं नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझवादक येऊन वाजवत होते. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ते उचललं आणि गोव्याचे वादक ते हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगपर्यंत घेऊन गेले. सी. रामचंद्रांचा १९५१ चा ‘अलबेला’ आठवा. त्यात ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावरच दिसतात. तोच स्विंग अमेरिकेतल्या अमेरिकेत न्यूयॉर्क-शिकागोहून टेक्सासच्या माळरानावर पोचला आणि तिथल्या फिडलवाल्यांच्या हाती लागला.

ठेक्यात नेमकं काय बदललं? जुना फिडलबँड चार मात्रांत ‘धम्-चक्, धम्-चक्’ चालायचा. बेसचा ठोका पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, गिटारचा फटकारा दुसऱ्या आणि चौथ्यावर. स्विंगमध्ये बेस चारही मात्रांवर चालू लागतो, एकेक स्वर चढत-उतरत, जणू जिन्यावरून. शिवाय प्रत्येक मात्रेचे दोन सारखे तुकडे पडत नाहीत. तीन पडतात, त्यातले पहिले दोन जोडून एक लांब स्वर होतो आणि उरलेला तिसरा आखूड. लांब-आखूड, लांब-आखूड. ज्यांच्या कानाला तबला आहे त्यांनी असं समजावं की बाहेरून चौकट केरव्याची आणि आतला झोका दादऱ्याचा. त्या झोक्याने पाय आपसूक हलतात. संगीतशास्त्राच्या भाषेत याबद्दल पानंच्या पानं लिहिता येतील, पण कळायला एवढं पुरे.

आता माणसांकडे येऊ. बॉब विल्सचा जन्म १९०५ चा, टेक्सासमधला. वडील, आजोबा, काका सगळे फिडल वाजवणारे. घरची कापसाची शेती. कापूस वेचायला कृष्णवर्णीय मजुरांची कुटुंबं असत आणि पोरगा त्यांच्या पोरांबरोबर वाढला. ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं, त्याच्या कानात तिथूनच शिरलं. तरुणपणी ब्लूजगायिका बेसी स्मिथला ऐकण्यासाठी तो घोड्यावरून पन्नास मैल गेला होता, असं तो सांगायचा. पुढे त्याने न्हाव्याचं काम शिकून घेतलं आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी काही काळ न्यू मेक्सिकोतल्या रॉय नावाच्या गावात दुकानात खुर्ची धरली. तिथले लोक नाचाला मेक्सिकन चाली मागत. त्यांच्यासाठी वाजवता वाजवता विल्सच्या स्वतःच्या चालींमध्ये ते वळण आलं. तिकडे मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या पोल्का आणि वॉल्ट्झ या नाचांच्या चालीही तिथल्या हॉलमध्ये वाजत. सॅन अँटोनियोचा अॅडॉल्फ हॉफनर तर स्वतः त्याच समाजातला. तो एकाच कार्यक्रमात स्विंग आणि पोल्का दोन्ही वाजवायचा.

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या संगीताचा निम्मा प्राण कृष्णवर्णीयांचा होता, पण बँड गोऱ्यांचे आणि हॉलही गोऱ्यांसाठीचे. ज्या मजुरांकडून विल्सने ब्लूज घेतलं, त्यांना त्याच्या नाचाच्या फरशीवर पाय ठेवता आला नसता. विल्स स्वतः ते ऋण मोकळेपणाने मान्य करायचा. हॉलचे नियम त्याने काही बदलले नाहीत.

१९३० च्या दशकातल्या आर्थिक मंदीच्या काळात या संगीताचा पोशिंदा कोण होता? पिठाची गिरणी! १९३१ मध्ये फोर्ट वर्थच्या एका पीठ कंपनीने आपल्या ‘लाइट क्रस्ट’ पिठाच्या जाहिरातीसाठी रेडिओवर एक बँड ठेवला. नाव ‘लाइट क्रस्ट डोबॉइज’. त्यात विल्स होता, गायक मिल्टन ब्राउन होता. कंपनीचा मॅनेजर डब्ल्यू. ली ओ’डॅनियल सुरुवातीला या संगीतावर नाराजच होता. मग त्याला रेडिओची ताकद कळली, तो स्वतःच कार्यक्रमाचा निवेदक झाला आणि त्या लोकप्रियतेवर पुढे टेक्सासचा गव्हर्नरही झाला. वादकांनी नाचाच्या कार्यक्रमांत वाजवू नये, हा त्याचा हट्ट. मिल्टन ब्राउनला ते पटलं नाही. १९३२ मध्ये तो बाहेर पडला आणि त्याने ‘म्युझिकल ब्राउनीज’ काढला.

वेस्टर्न स्विंगचा जनक कोण, यावर जाणकारांत अजून खडाजंगी होते. माझा कौल मिल्टन ब्राउनकडे झुकतो. पियानो, जोडीने वाजणारी दोन फिडल, जॅझगायकासारखी गायकी, हे सगळं आधी त्याच्याकडे जुळून आलं. जानेवारी १९३५ मध्ये त्याचा स्टील गिटारवाला बॉब डन शिकागोत जे वाजवून गेला, ते कंट्रीच्या इतिहासातलं विजेवरच्या गिटारचं पहिलं रेकॉर्डिंग मानलं जातं. डन ट्रॉम्बोनही वाजवायचा, आणि गिटारवरचे त्याचे स्वरही तसेच फुंकल्यासारखे तुटक-तुटक यायचे. पण एप्रिल १९३६ मध्ये ब्राउन मोटार अपघातात गेला. वय जेमतेम बत्तीस. म्हणून आज नाव विल्सचं घेतलं जातं.

विल्सने तोवर ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात बस्तान बसवलं होतं. त्याच्या बँडचं नाव ‘टेक्सास प्लेबॉइज’. धंद्याचं गणित असं. केव्हीओओ या दमदार रेडिओ केंद्रावरून रोज दुपारी कार्यक्रम व्हायचा. शेतकरी जेवायला घरी आलेला असायचा तीच वेळ. त्यातच आज रात्री कुठल्या गावात नाच आहे ते सांगायचं. मग बस काढायची, त्या गावात मध्यरात्रीपर्यंत वाजवायचं आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा माइकसमोर हजर. रेडिओ ही जाहिरात, खरा पैसा नाचाच्या तिकिटांचा. टल्सातल्या केन्स बॉलरूममध्ये १९३५ ते १९४२ या काळात त्यांचा मुक्कामच असे. तो हॉल आजही चालू आहे. विल्सने नंतर स्वतःचं पीठही बाजारात आणलं, म्हणजे गिरणीच्या नोकरीतून तो तेवढंही शिकून बाहेर पडला होता.

हे गणित सांगण्याचं कारण असं की संगीत त्यातूनच घडलं. चार-पाच तास लोकांना नाचवायचं तर तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटांत संपून कसं चालेल? ते ताणावं लागतं. ताणायचं तर प्रत्येक वादकाला पाळी द्यावी लागते, आणि पाळी आली की त्याला काहीतरी नवं सुचावं लागतं. हजार लोकांच्या पायांचा गलका असलेल्या हॉलमध्ये साधी गिटार ऐकूच येत नाही, म्हणून वीज आली. तेवढ्या गर्दीला लय धरून ठेवायला ड्रम आले. यातलं काहीही तत्त्व म्हणून आलेलं नाही. हॉलची गरज होती, ती भागवली.

प्लेबॉइजचं एखादं गाणं नीट ऐकलं की ही रचना उलगडते. सुरुवातीला दोन फिडल एकत्र धून वाजवतात, एक वर, एक खालच्या स्वरात. मग टॉमी डंकन गायला येतो. गावाकडचा कर्कश सूर नाही, मऊ आणि निवांत, त्या काळचा लोकप्रिय गायक बिंग क्रॉस्बीच्या जवळचा. एक कडवं झालं की विल्स स्टील गिटारवाल्या लिऑन मकॉलिफचं नाव पुकारतो आणि लिऑन निघतो. मग पियानो, मग पुन्हा फिडल. आपली पाळी कधी येणार हे कित्येकदा वादकालाही ठाऊक नसे. विल्सच्या हातातल्या फिडलच्या गजाकडे नजर ठेवावी लागे. ज्याच्याकडे गज वळला त्याने उठायचं. आणि या सगळ्याच्या खाली एल्डन शॅम्ब्लिन नावाचा गिटारवाला बसलेला. साध्या कंट्रीत एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांचा गुच्छ, चार-चार, आठ-आठ मात्रा धरून ठेवतात. शॅम्ब्लिन दर दोन मात्रांना, कधी प्रत्येक मात्रेला कॉर्ड बदलायचा. स्वर इतके बेमालूम सरकत की गाणाऱ्याच्या पायाखालची वाळू हलतेय हे ऐकणाऱ्याला कळू नये. आजही टेक्सासमधले गिटारवाले शिकताना त्या उजव्या हाताचं आणि त्या कॉर्डांचं नाव काढतात.

डिसेंबर १९४४ मध्ये हे लोक नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ला गेले. ऑप्री म्हणजे रेडिओवरचा कंट्रीचा कार्यक्रम, सनातन्यांचा बालेकिल्लाच. तिथे ड्रमला थारा नव्हता. विल्सने ड्रमशिवाय वाजवायला नकार दिला आणि ड्रम वाजले. नॅशव्हिलने त्यानंतरही कितीतरी वर्षं ड्रमकडे वाकड्या नजरेनेच पाहिलं. आज ड्रम नसलेला कंट्री बँड शोधावा लागतो.

मोठ्या बँडचा बहर मात्र लवकर ओसरला. युद्धात वादक सैन्यात गेले, १९४४ मध्ये सरकारने नाच असलेल्या करमणुकीच्या जागांवर तीस टक्के कर लावला (तो लवकरच वीसवर आला, पण दणका बसलाच), पुढे टीव्ही आला आणि मग रॉक-अँड-रोल. पंधरा-वीस जणांचा ताफा कोणालाच परवडेना. कॅलिफोर्नियात स्पेड कूली स्वतःला ‘वेस्टर्न स्विंगचा राजा’ म्हणवून घेत होता. १९६१ मध्ये पत्नीच्या खुनाबद्दल तो तुरुंगात गेला.

संगीत विरलं, पण कुठे विरलं ते महत्त्वाचं. पहिली वाट ह्यूस्टनच्या आसपासच्या तेलाच्या गावांतून गेली. १९३३ मध्ये दारूबंदी उठली आणि तिथे बिअरचे गुत्ते उघडले. त्यांना हाँकी-टाँक म्हणत. जागा लहान, आवाज अफाट, मजूर दमलेले, खिशात पगार. तिथे वाजवणारे लोक स्विंगच्या तालमीतलेच होते. फ्लॉइड टिलमन, टेड डॅफन आणि पियानोवाला मून मलिकन हे तिघंही एके काळी ह्यूस्टनच्या एकाच स्विंग बँडमध्ये होते. मिल्टन ब्राउनकडे फिडल वाजवलेला क्लिफ ब्रुनर ब्राउन गेल्यावर स्वतःचा बँड घेऊन त्याच भागात आला, आणि १९३८-३९ मध्ये त्याने टिलमन आणि डॅफनची गाणी गाजवली. त्यातलं डॅफनचं गाणं ट्रकवाल्यांवरचं. कंट्रीत ट्रकच्या गाण्यांची जी रांग लागली तिच्या तोंडाशी ते उभं आहे. टिलमनने पुढे १९४९ मध्ये लग्नाबाहेरच्या संबंधांवर गाणं लिहिलं, उपदेश न करता, दोषी माणसाच्याच तोंडून. कंट्री ज्या विषयांसाठी ओळखलं जातं, म्हणजे तुटलेली लग्नं, बार, रात्रभराचा रस्ता, त्यांची भाषा या मंडळींनी घडवली. आणि ठेका? ठेका नाचाचाच राहिला. नाचून झाल्यावर घरी जाऊन रडायला येईल असं गाणं, ही स्विंगवाल्यांनी कंट्रीच्या गीतकारांना दिलेली सगळ्यात मोठी देणगी, असं मी म्हणेन. शब्द जड असले तर चाल हलकी हवी, हे गुत्त्यात वाजवल्याशिवाय कोणालाही कळत नाही.

या परंपरेतली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती मात्र वादक नाही. सिंडी वॉकर. टेक्सासच्या मेक्सिया गावाजवळची मुलगी. १९४० मध्ये वडील कामानिमित्त लॉस एंजेलिसला निघाले तेव्हा ती बरोबर गेली आणि बिंग क्रॉस्बीच्या ऑफिसची इमारत दिसताच गाडी थांबवायला लावून आत शिरली. आईने पियानो वाजवला, हिने गाणं ऐकवलं आणि क्रॉस्बीने ते रेकॉर्ड केलं. पुढच्याच वर्षी बॉब विल्स हॉलीवूडला आलाय हे कळल्यावर तिने त्याला गाठलं. विल्सने तिची एक नाही, पाच गाणी घेतली आणि पुढच्या काळात पन्नासहून अधिक. तिचं एक सुरुवातीचं गाणं धुळीच्या वादळांवर आहे, ज्यांनी १९३० च्या दशकात ओक्लाहोमा-टेक्सासची शेतं उडवून नेली. गुराखी गुरं घेऊन निघालाय, समोर काही दिसत नाही. गाणं संथ आहे, त्यात तक्रार नाही, आणि म्हणूनच ते लागतं.

तिने पुढे कंट्रीच्या पठडीबाहेरही लिहिलं. एडी अरनॉल्डसाठी १९५५ च्या सुमाराला लिहिलेलं ‘यू डोन्ट नो मी’ १९६२ मध्ये रे चार्ल्सने गायलं आणि ते जगभर गेलं. प्रेम असूनही कधी न बोललेल्या माणसाचं गाणं. त्यातली ओळ इतकी साधी असते की कागदावर वाचताना वाटतं, यात काय आहे? गाताना कळतं की जिथे सूर लांबवायचा तिथे तिने लांबवता येईल असाच शब्द ठेवलाय. नाचाच्या बँडसाठी वर्षानुवर्षं लिहिल्यावर ही सवय अंगात मुरते. १९९७ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं. मार्च २००६ मध्ये कंट्री गायक विली नेल्सनने फक्त तिच्या गाण्यांचा एक अल्बम काढला आणि त्याच महिन्यात ती गेली.

दुसरी वाट रे प्राइसची. हाही टेक्सासचा. कंट्रीचा गाजलेला गायक हँक विल्यम्स १९५३ मध्ये गेल्यावर त्याचा बँड काही काळ प्राइसकडे आला. लोक म्हणू लागले, तू अगदी हँकसारखा गातोस. ऐकायला कौतुक, पण गायकासाठी धोक्याची घंटा. त्याने वेगळा बँड बांधला: जोडफिडल, स्टील, चालता बेस आणि तोच लांब-आखूड झोका. १९५६ मध्ये ‘क्रेझी आर्म्स’ वीस आठवडे कंट्रीच्या यादीत पहिलं राहिलं आणि तो ठेका ‘रे प्राइस शफल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. नाव त्याचं, माल टल्सा आणि फोर्ट वर्थचा. प्राइसनेच ते कबूल केलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने विल्सच्या गाण्यांचा एक आख्खा अल्बम केला.

प्राइसच्या या बँडमधून गेलेल्या माणसांची नावं बघा: विली नेल्सन, रॉजर मिलर, जॉनी पेचेक, स्टीलवाला बडी एमन्स. विलीने तर कोवळ्या वयात बहिणीच्या नवऱ्याच्या जोडीने बॉब विल्सचा एक कार्यक्रमही लावला होता. विली गाताना मात्रेवर येत नाही. कधी मागे रेंगाळतो, कधी पुढे पळतो आणि शेवटी बरोबर घरी पोचतो. ज्यांना कंट्री म्हणजे सरळसोट गाणं वाटतं ते यावर वैतागतात. मला वाटतं, ठेका मागे बँडने घट्ट धरलाय हा भरवसा असेल तरच गायक असा उंडारू शकतो, आणि तो भरवसा नाचाच्या हॉलमधला आहे. त्याच्या गाण्यांतल्या कॉर्डही तीनवर भागत नाहीत. शॅम्ब्लिनच्या सावलीत वाढलेल्या माणसाला तीन कॉर्ड पुरणार कशा?

तिसरी वाट कॅलिफोर्नियातून. धुळीच्या वादळांनी आणि मंदीने देशोधडीला लागलेली ओक्लाहोमाची हजारो कुटुंबं बेकर्सफील्डच्या आसपास येऊन राहिली. कंट्री गायक मर्ल हॅगर्ड अशाच एका घरातला. विल्ससुद्धा युद्धानंतर तिकडेच वाजवत होता. १९७० मध्ये हॅगर्ड ऐन यशात असताना त्याने जे केलं ते व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाचं होतं. जुन्या प्लेबॉइजपैकी काहींना बोलावून त्याने विल्सच्या गाण्यांचा अल्बम केला, आणि त्यासाठी काही महिन्यांत स्वतः फिडल शिकला. तोवर विल्स बहुतेकांच्या विस्मरणात गेला होता. त्या एका अल्बमने नव्या पिढीला त्याच्या जुन्या रेकॉर्ड शोधायला लावलं. डिसेंबर १९७३ मध्ये डॅलसला जुनी मंडळी पुन्हा एकदा रेकॉर्डिंगला जमली. विल्स अर्धांगवायूनंतर चाकाच्या खुर्चीत. पहिला दिवस पार पडला आणि त्याच रात्री त्याला पुन्हा झटका आला. बाकीच्यांनी काम पुरं केलं, हॅगर्डही त्यात गायला. विल्स शुद्धीवर आला नाही. मे १९७५ मध्ये तो गेला. १९७६ मध्ये हॅगर्डने पहिल्या क्रमांकावर नेलेलं एक गाणं सिंडी वॉकरने त्याच १९४१ साली विल्सला दिलेलं होतं.

१९७० मध्येच वेस्ट व्हर्जिनियात रे बेन्सन नावाच्या उंचाड्या तरुणाने ‘अस्लीप अॅट द व्हील’ बँड काढला. स्वतः फिलाडेल्फियाचा, बरोबरचे लोकही लांबलांबचे. थोड्याच वर्षांत ते ऑस्टिनला आले आणि आजतागायत स्विंग वाजवतायत. विल्सला मानवंदना म्हणून त्यांनी तीन अल्बम केले, त्यांत कंट्रीतली बडी मंडळी येऊन गाऊन गेली. कंट्री गायक वेलन जेनिंग्जने १९७४ मध्ये ऑस्टिनच्याच मंचावर एक गाणं म्हटलं, ज्याचा आशय असा की तुमच्या गावात आज कोणाचीही चलती असो, राजा अजून बॉब विल्सच. समोरच्या गर्दीत विलीचे भक्त होते, हे लक्षात घेतलं तर त्यातली टिंगल कळते.

वाद्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. लिओ फेंडर दक्षिण कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा. त्याच्याकडे येणारे वादक बहुतेक याच बँडमधले. त्यांच्या तक्रारी ऐकत, त्यांच्या हातात नमुने देत त्याने ज्या गिटारी आणि अॅम्प्लिफायर घडवले, ते पुढे रॉकवाल्यांनी डोक्यावर घेतले. स्टील गिटार तर मूळ हवाईची. मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी सरकवायची. टेक्सासच्या बँडमध्ये ती विजेवर वाजू लागली, मग तिला पाय मिळाले, मग पेडल मिळाले, आणि तिचा तो ओढलेला, हुंदका दिल्यासारखा स्वर म्हणजे कंट्रीची ओळख ठरली. हीच हवाईयन गिटार दुसऱ्या दिशेने कोलकात्याला आली, मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात बसली, आणि आपल्याकडे पन्नास-साठच्या दशकांतल्या गाण्यांच्या धुना तिच्यावर वाजवणाऱ्यांच्या रेकॉर्ड घरोघरी होत्या.

रॉक-अँड-रोललाही यातला वाटा मिळाला. चक बेरीचं १९५५ चं पहिलं गाजलेलं गाणं ‘मेबलीन’ हे विल्सने १९३८ मध्ये वाजवलेल्या ‘आयडा रेड’ या जुन्या फिडलच्या गाण्यावरून निघालं. कृष्णवर्णीय संगीत गोऱ्या फिडलवाल्यांकडून फिरून एका कृष्णवर्णीय गिटारवाल्याच्या हाती आलं. तोवर गायक बिल हेलीही रॉककडे वळला होता. त्याच्या सुरुवातीच्या बँडच्या नावातच ‘वेस्टर्न स्विंग’ हे शब्द होते.

कुठून ऐकायला सुरुवात करावी? एकच गाणं धरा: ‘राइट ऑर राँग’. १९२१ चं, मुळात कंट्रीचं नाहीच. १९२९ मध्ये एमेट मिलरने ते गायलं. हा गोरा गायक चेहऱ्याला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या खेळांतला. ते खेळ आज बघवणार नाहीत, पण त्याच्या गळ्यातली ती मध्येच फुटून वर उडणारी हरकत टेक्सासवाल्यांनी उचलली. १९३६ मध्ये मिल्टन ब्राउनने आणि विल्सने, दोघांनीही ते रेकॉर्ड केलं. १९८४ मध्ये जॉर्ज स्ट्रेटने ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. त्या वेळी नॅशव्हिल गुळगुळीत पॉपकडे झुकलेलं होतं, आणि टेक्सासच्या गुराख्यांच्या मुलखातला हा माणूस फिडल आणि स्टील पुढे ठेवून गात होता. विल्सच्या गाण्यांवरचा हॅगर्डचा अल्बम त्याने तरुणपणी घोटवलेला.

चारही रेकॉर्डिंग इंटरनेटवर सहज सापडतात. ओळीने लावा. पहिल्या खेपेला गायकाकडे लक्ष देऊ नका, बेसकडे द्या. मग पुन्हा लावून गाणारा कुठे थांबतो आणि वादक कुठून आत शिरतो ते बघा. स्ट्रेटच्या रेकॉर्डमध्ये कोणी नावं पुकारत नाही, ओरडत नाही, सगळं इस्त्री केल्यासारखं नीटनेटकं आहे. एवढं एक सोडलं तर प्लेबॉइजना मध्येच उठून त्यात वाजवायला काहीही अडचण आली नसती.